मालकीण हाय का कामाला हाय?

पुतणी सुट्टीत राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, फोडणीचा आणि फिनेलचा वास घरात एकमेकांत मिसळला होता, आणि पुतणी सोफ्यावर उलटी लोळून, पाय भिंतीला लावून 'टॉम अँड जेरी' बघत होती. मावशी फरशी पुसत पुसत टीव्हीसमोर आल्या आणि फडकं बादलीत पिळायच्या निमित्तानं जरा थांबल्या. पडद्यावर ती बाई आली होती. म्हणजे तिचे पाय आले होते. घरातल्या सपाता, घोट्याशी गुंडाळलेले मोजे, वर एप्रनची झालर, हातात झाडू आणि कुठून तरी वरून येणारा तो दणदणीत आवाज, 'थॉऽमस!' मावशींनी थोडा वेळ बघितलं आणि मला विचारलं, "व्हय ताई, ही बाई मालकीण हाय का कामाला हाय?" पुतणी डोकं न उचलताच म्हणाली, "मालकीण. टॉम तिचाच आहे ना." मावशींना ते पटलं नाही. "मालकीण हाय तर सोताच कशापायी झाडती?" असं म्हणून त्या बादली घेऊन आत गेल्या. पुतणीनं पुढचा भाग लावला.

मला पुढचा भाग काही दिसेना. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं त्या पिढीतली मी. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून आम्ही टीव्हीसमोर बसायचो, आणि ठरावीक वेळ झाली की कार्टूनं बंद होऊन जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, तेव्हा जीव हळहळायचा. त्या बाईचे ते पाय मला माझ्या शाळेतल्या बाईंच्या चेहऱ्यापेक्षा जास्त नीट आठवतात. ती काय बोलायची ते एक अक्षर कळायचं नाही. 'थॉमस' तेवढं कळायचं, आणि आता याला मार बसणार, हे कळायचं. ती कोण, गोरी की काळी, मालकीण की मोलकरीण, असला प्रश्न आमच्या गल्लीत कुणाला पडला असेल असं वाटत नाही. मोठ्या माणसाचे पाय आले, धावा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मावशींचा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. त्या बाईला चाहते आणि अभ्यासक 'मॅमी टू शूज' म्हणतात (मॅमी म्हणजे गोऱ्यांच्या घरी राबणारी काळी बाई), आणि ती मालकीण की मोलकरीण हा वाद अमेरिकेतही अजून मिटलेला नाही. १९४० च्या पहिल्या कार्टूनमध्ये, जिथे टॉमचं नाव अजून टॉम नव्हतं, जॅस्पर होतं, तिथे ती धाक घालते की आणखी एक वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन. बोलायची ढब, एप्रन, झाडू सगळं मोलकरणीचं. पण मालक-मालकीण कधी दिसत नाहीत. १९५० च्या 'सॅटरडे ईव्हनिंग पस'मध्ये तर ती शनिवारी संध्याकाळी दागिने घालून, नटूनथटून मैत्रिणींबरोबर ब्रिज खेळायला निघते. म्हणजे घर तिचं असावं. की मालक गावाला गेलेत? चित्रकारांनी ते ठरवलंच नव्हतं, असा माझा अंदाज आहे. ठरवायची गरजच पडली नसेल. एका कृष्णवर्णीय जाडजूड बाईला झाडू घेऊन स्वयंपाकघरात उभी केली की त्या काळच्या प्रेक्षकाला बाकी काही सांगावं लागत नव्हतं.

हे पहिलं कार्टून थिएटरांत लागलं १९४० च्या फेब्रुवारीत. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ तारखेला, लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात ऑस्करचा सोहळा झाला आणि हॅटी मॅकडॅनियलला सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. भूमिका होती 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीची, आणि त्या भूमिकेचं नावही मॅमीच. सिनेमातल्या सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या एका वेगळ्या टेबलावर तिला बसवलं होतं. एकाच महिन्यात एका मॅमीला ऑस्कर मिळालं आणि दुसरीला चेहऱ्याशिवाय नोकरी लागली. हे कुणी जुळवून आणलेलं नव्हतं. जुळवून आणावं लागलं नाही, हेच तर त्यातलं बोचणारं आहे.

तर चेहरा का नाही? याचं उत्तर कुणीही अ‍ॅनिमेशनवाला चटकन देईल, आणि ते खरं उत्तर आहे. गोष्ट उंदराची आणि मांजराची. कॅमेरा त्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर. तिथून माणसाचे पायच दिसणार. शिवाय माणसाचा चेहरा काढणं, त्याला बोलतं करणं हे मांजर पळवण्यापेक्षा कितीतरी किचकट आणि खर्चिक. पाय काढले की काम भागतं. पटतं ना? मलाही पटलं. मग आठवलं की याच मालिकेत पुढे गोरी माणसं येतात, आणि त्यांना चेहरे आहेत. त्याआधी १९३५ मध्ये डिस्नेच्या अनाथ मांजरपिल्लांच्या कार्टूनमध्येही स्वयंपाकघरातली काळी बाई अशीच मानेपासून खाली होती.

या विषयाच्या मागे लागल्यावर मला जागोजागी हेच सापडत गेलं. प्रत्येक ठिकाणी एक तांत्रिक कारण तयार उभं असतं. ते खोटंही नसतं.

हातमोज्यांचंच घ्या. मिकीचे ते पांढरे, गुबगुबीत हातमोजे. १९२८ च्या 'स्टीमबोट विली'त ते नाहीत, १९२९ मध्ये आले. कारण विचारा. चित्रपट कृष्णधवल, मिकीचं अंग काळं, हातही काळे. काळ्या पोटासमोर काळा हात आला की दिसायचाच नाही. मोजे घातले की बोटं उठून दिसतात. उंदराचे पंजे काढण्यापेक्षा ते गोडही दिसतात. सगळं बरोबर. पण पांढरे मोजे, काळं तोंड, बटाट्याएवढे डोळे, ओठांभोवती फिकट रंगाचा रुंद पट्टा आणि हाडं नसल्यासारखं नाचणारं अंग, हा सगळा पोशाख आयता, एका जागी टांगलेला त्या चित्रकारांना मिळाला होता. १८३० च्या सुमारास अमेरिकेत 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा प्रकार सुरू झाला. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, हातात पांढरे मोजे चढवायचे आणि गुलामांच्या बोलण्याचालण्याची नक्कल करून लोकांना हसवायचे. कित्येक दशकं अमेरिकेची ही सर्वांत लाडकी करमणूक होती. 'स्टीमबोट विली'त ती बकरी स्वरलिपीचे कागद खाते आणि मग तिची शेपटी पिरगाळून गाणं वाजवतात, ते गाणंही त्याच रंगमंचावर गाजलेलं. स्टेजवरचा तो प्रकार ओसरायला लागला आणि नेमकं त्याच सुमारास कार्टून जन्माला आलं. सोंग मेलं, पण त्याचे कपडे मिकीच्या अंगावर आले.

आणि हे मिकीपासून सुरू झालं असंही नाही. जे. स्टुअर्ट ब्लॅकटन, ज्याला अमेरिकी अ‍ॅनिमेशनचा आद्यपुरुष म्हणतात, त्यानं १९०७ मध्ये एक गंमत केली. खडूनं एक शब्द लिहायचा आणि त्यातल्या अक्षरांना चार फटकारे मारून त्याचा चेहरा करायचा. त्यातला एक शब्द काळ्यांना हिणवण्यासाठी वापरली जाणारी शिवी, दुसरं एक सर्रास आढळणारं ज्यू आडनाव. बघता बघता अक्षरांतून जाड ओठ उमटतात, बाकदार नाक उमटतं. चित्र हलायला लागून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली होती, आणि हलवून दाखवण्याजोगं काय, तर हे. फेलिक्स मांजर १९१९ मध्ये ज्या पॅट सलिव्हनच्या स्टुडिओतून निघालं, तिथे त्याआधी सॅमी जॉन्सिन नावाच्या एका काळ्या पोराची कार्टूनं निघत होती. वॉर्नर ब्रदर्सच्या लूनी ट्यून्स या कार्टूनमालिकेचा पहिला नायक बॉस्को. त्याची नोंदणी करताना त्याच्या निर्मात्यानं तो 'निग्रो मुलगा' आहे असं सरळ लिहून ठेवलेलं आहे. बघणाऱ्याला मात्र तो माकड वाटेल, उंदीर वाटेल, काहीही वाटेल. आम्हाला तसंच वाटलं.

मिन्स्ट्रेलचं वाचताना मला सारखं वाटत होतं की हे लांबचं आहे, अटलांटिकपलीकडचं. ते तितकं लांबचं नव्हतं. १८६० नंतर डेव्ह कार्सन नावाचा असाच एक मिन्स्ट्रेल नट हिंदुस्थानात आला, मुंबईत आणि कलकत्त्यात खेळ करून गेला. इथे आल्यावर नुसती हबश्यांची नक्कल करून भागेना, म्हणून त्यानं नवं गिऱ्हाईक शोधलं आणि बंगाली बाबूच्या इंग्रजीची टर उडवणारं गाणं गाजवलं. गोऱ्या प्रेक्षकांत त्याला 'कार्सन साहेब' म्हणून मान होता. त्याला उत्तर म्हणून अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटानं 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा' सुरू केला आणि साहेबाचं सोंग आणून परतफेड केली. हे वाचून मला जो आनंद झाला तो काही फार उदात्त नव्हता. जिरवली, असंच वाटलं.

आता आमच्या गॅदरिंगबद्दल. शाळा कुठली ते राहू द्या, तेव्हा हे सगळीकडेच व्हायचं आणि कुठे कुठे अजून होतं. चौथीच्या मुलामुलींचा 'आफ्रिकन डान्स'. अंगाला, तोंडाला काजळ आणि खोबरेल तेलाचा राप, कमरेला अशोकाची पानं, केसांत कोंबडीची पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि मागे 'झिंगालाला' छापाचं काहीतरी धडधडणारं. खोबरेलाचा तो वास आणि दिव्यांच्या उष्णतेनं कपाळावरून डोळ्यांत उतरणारं ते काळं पाणी मला अजून आठवतं. ज्या शिक्षिकेनं आमची तोंडं रंगवली त्या बाई जिवाला जीव देणाऱ्या होत्या. शेवटी त्यांनी प्रत्येकाच्या ओठांभोवती झिंक ऑक्साइडनं पांढरा जाड पट्टा ओढला. त्यांनी आफ्रिका पाहिली नव्हती, मिन्स्ट्रेल हा शब्द ऐकला असण्याची शक्यता नाही. मग तो पांढरा ओठ कुठून आला? बॉम्ब फुटल्यावर टॉमचं तोंड जसं व्हायचं, काळंठिक्कर, ओठ फुगलेले, डोक्यावर रिबिनी बांधलेल्या शेंड्या, तसा तो थेट तिथून आला असणार. अमेरिकेतल्या एका मेलेल्या सोंगाचा रंग कार्टूनच्या नळकांड्यातून आमच्या शाळेच्या ग्रीनरूममध्ये येऊन पोचला होता, आणि कुणी पाठवला, कुणी घेतला, कुणालाच पत्ता नाही. त्याच वर्षीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांशी झुंजणारा जंजिऱ्याचा सिद्दी होता. मोठ्या वर्गात मलिक अंबर होता, ज्यानं अहमदनगरची निजामशाही वर्षानुवर्षं खांद्यावर पेलली आणि मोगलांना दमवलं. आफ्रिकेतून आलेली माणसं आमच्याच मातीत सरदार, वजीर, नवाब होऊन गेलेली. भाले आणि पिसं घेऊन नाचताना त्यांची आठवण आम्हाला कुणी करून दिली नाही.

पण मग सगळंच टाकून द्यावं, असं वाटतं का? इथे माझं घोडं अडतं.

न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंचा स्टुडिओ बघा. मॅक्स फ्लायशर पोलंडमधल्या क्राकूवचा, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेला आलेला ज्यू. त्यानं रोटोस्कोप नावाचं यंत्र काढलं, खऱ्या माणसाचं चित्रण एकेका चौकटीनं काचेवर पाडून त्यावरून चित्र गिरवायचं. १९३२ आणि १९३३ मध्ये या मंडळींनी हार्लेममधला गायक कॅब कॅलोवे याला घेऊन बेटी बूप या आपल्या कार्टून-नायिकेची तीन कार्टूनं केली. पहिल्याच्या सुरुवातीला तो स्वतः दिसतो, वाद्यवृंदासमोर नुसता तरंगतोय, पाय मागे मागे घसरवत, जणू फरशीला लोणी लावलंय. मग कार्टून सुरू होतं आणि गुहेतल्या एका भुताळ्या वॉलरसच्या अंगात तोच नाच उतरतो. बर्फाच्या गुहेतल्या दुसऱ्या कार्टूनमध्ये तो को-को नावाच्या विदूषकाच्या अंगात उतरतो. मायकल जॅक्सनच्या मूनवॉकच्या पन्नास वर्षं आधी एक वॉलरस तसंच मागे घसरतोय. मी ते कितीही वेळा बघू शकते. अंगावर काटा येतो. त्या काळात अमेरिकेच्या कितीतरी गावांत कॅलोवेला पुढच्या दारानं आत जाता आलं नसतं, पण त्याचा नाच पडद्यावर पोचत होता, एकेक चौकट गिरवून. कुणी तरी त्या माणसाच्या पायांकडे इतकं टक लावून पाहिलं होतं, की त्याला प्रेम म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि त्याच स्टुडिओनं, त्याच १९३२ मध्ये, लुई आर्मस्ट्राँग या काळ्या जाझ गायक-वादकाला घेऊन केलेल्या कार्टूनमध्ये त्याचं काय केलं? जंगल, भाले, नरभक्षक, आणि आकाशात उडत बेटीच्या दोघा सोबत्यांचा पाठलाग करणारं एका रानटी माणसाचं मुंडकं. बघता बघता ते मुंडकं म्हणजे आर्मस्ट्राँगचाच चेहरा होतो, आणि गातो. गाणं असं, की बसल्या जागी पाय ठेका धरतो. डोळ्यांना लाज वाटते आणि कान ऐकायचं सोडत नाहीत. प्रेम आणि अपमान एकाच टेबलावर, एकाच दौतीतून. ज्यांना स्वतःला ज्यू म्हणून कितीतरी दारं बंद होती त्यांनी हे काढलं, याचा अर्थ काय लावायचा? सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावत नाही, ही समजूत आपण फार लाडानं जपलेली आहे. आपल्याकडच्या उतरंडीत राहूनसुद्धा ती जपतो, हे विशेष.

बेटी बूपचीही एक गंमत आहे. तिचं ते 'बूप-ऊप-अ-डूप' आपलं चोरलं, म्हणून हेलन केन या गोऱ्या गायिकेनं फ्लायशर आणि पॅरामाउंटवर दावा लावला. १९३४ मध्ये ती हरली, आणि हरण्यामागे एक साक्ष मोठी ठरली. बेबी एस्थर नावाची एक काळी मुलगी नाइट क्लबमध्ये ही अशी लाडिक अक्षरं आधीपासून गायची आणि हेलन केननं तिला ऐकलं होतं, असं तिच्या व्यवस्थापकानं कोर्टात सांगितलं. केन हरली, स्टुडिओ जिंकला. बेबी एस्थरला काय मिळालं? काही नाही. तिचा आवाज एका दाव्यात पुरावा म्हणून कामी आला, एवढंच.

डिस्नेकडे वळायला हवं, पण तिथे एका पत्रापाशीच मी थबकले. १९३८ मध्ये एका तरुणीनं चित्रकार म्हणून प्रशिक्षण मिळेल का, असं विचारलं, आणि कंपनीनं छापील लेटरहेडवर कळवलं की कार्टूनमधलं सर्जक काम पूर्णपणे तरुण पुरुष करतात, बायका ते करत नाहीत. बायकांसाठी काम कुठलं, तर पुरुषांनी काढलेल्या रेषा पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं गिरवायच्या आणि उलट्या बाजूनं रंग भरायचे. कारण? हेही ठरलेलं. बायकांचा हात हलका, चित्त एकाग्र, चिकाटी दांडगी. सेलवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्या खोलीतल्या मुली दिवसभर पातळ पांढरे हातमोजे घालून बसायच्या. रंगवत होत्या मिकीचे पांढरे हातमोजे.

'बाँबी'तलं ते धुकं भरलेलं रान आठवतंय? झाडांचे बुंधे पुसट, मधेच एक उजेडाची तिरीप, गवत नुसतं सुचवलेलं. ते रान ज्याच्या कुंचल्यातून उगवलं तो टायरस वाँग. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून १९२० मध्ये बापाबरोबर, खोट्या कागदांवर, दुसऱ्याचं नाव लावून आलेलं पोर. चिन्यांना अमेरिकेत येऊ न देणारा कायदा होता तेव्हा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर त्याला एकट्याला बंद करून ठेवलं होतं. १९३८ मध्ये तो डिस्नेत लागला, दोन चित्रांमधली चित्रं भरायच्या अगदी खालच्या कामावर. हरणांच्या सिनेमाची तयारी चाललीय असं कळल्यावर त्यानं सुंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांच्या ढंगात काही रंगचित्रं करून दाखवली आणि साऱ्या सिनेमाचा रंग त्यानं ठरला. १९४१ मध्ये स्टुडिओत संप झाला, वाँग संपात नव्हता, तरी त्यानंतरच्या धामधुमीत त्याला काढून टाकलं. १९४२ मध्ये सिनेमा आला तेव्हा श्रेयनामावलीत तो पार्श्वभूमी रंगवणाऱ्या अनेकांतला एक होता. गडी जगला मात्र एकशे सहा वर्षं, आणि म्हातारपणी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर स्वतः केलेले भलेमोठे पतंग उडवायचा. माझ्या डोक्यात तोच वाँग राहिलाय, वाळूत उभा, हातात मांजा. ज्या सिनेमात एकही माणूस दिसत नाही, त्याच्या रानात एक चिनी माणूस आहे, हे कळल्यापासून मला 'बाँबी' वेगळाच दिसतो. त्याच सिनेमावर काम केलेला क्लेअर वीक्स, मिशनरी आईबापांचा, हिंदुस्थानात जन्मलेला, १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आला. त्याच्या हाताखाली राम मोहन आणि त्यांच्या पिढीतले कितीतरी जण तयार झाले. १९५७ मध्ये तिथून 'बॅन्यन डिअर' निघाला. पुन्हा हरणं. आपल्या अ‍ॅनिमेशनची मुळं शोधताना फाळक्यांच्या १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'पर्यंत जातो आपण, आणि जावंच. आगकाड्यांना जात, वर्ण काही नसतो, ही त्यातली सोय. पण वर्ग भरवून शिकवणारा मास्तर डिस्नेकडून आला होता.

आपण स्वतः त्या कार्टूनांत कुठे होतो? फेटा, पुंगी, टोपलीतला साप, खिळ्यांची गादी. हॅना आणि बार्बेरा या टॉम-जेरीवाल्या जोडीनंच १९६४ मध्ये 'जॉनी क्वेस्ट' काढलं, त्यात हाजी नावाचा कलकत्त्याचा पोरका मुलगा होता. नाव मुसलमानाचं, डोक्यावर मधोमध रत्न जडवलेला फेटा, तोंडात 'सिम सिम सलाबिम', आणि दोरी हवेत उभी करायची विद्या. आज बघताना हसावं की कपाळावर हात मारावा कळत नाही. पण तेव्हा? तेव्हा आम्ही उड्या मारल्या होत्या. आपला एक जण आहे त्यात! चूक असला तरी आहे. साप-पुंगीवाला असला तरी नायकाच्या विमानात बसतो, त्याच्याइतकाच हुशार आहे. म्हणूनच स्पीडी गोन्झालेझची हकिकत वाचली तेव्हा मला नवल वाटलं नाही. मेक्सिकन माणसांची टिंगल होते म्हणून अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कनं १९९९ मध्ये त्या उंदराला घरी बसवलं. बाकीचे मेक्सिकन उंदीर आळशी, झोपाळू दाखवलेत, हे खरंच आहे. पण परत आणा म्हणून ओरडा केला तो लॅटिनो प्रेक्षकांनीच, आणि २००२ मध्ये तो परत आला. तो जिंकतो, गोऱ्या मांजराला धूळ चारतो, आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. कुणाचा अपमान झाला हे ठरवायला बाहेरचे लोक जरा फार घाईनं पुढे होतात, असं मला अशा वेळी वाटतं. आणि लगेच असंही वाटतं, की हे म्हणणं माझ्यासारखीला किती सोपं आहे.

पुन्हा त्या पायांकडे येते. ज्या बाईचा तो आवाज होता तिचं नाव लिलियन रँडॉल्फ. रेडिओवर, सिनेमात तिनं आयुष्यभर मोलकरणीच रंगवल्या. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा अमेरिकेत दर नाताळात लागणारा सिनेमा, त्यातही ती मोलकरीणच आहे. पण तिथे तिला चेहरा आहे, आणि शेवटी सगळे नायकासाठी पैसे ओततात तेव्हा ती आपली पुंजी टाकताना म्हणते, नवरा मिळालाच तर घटस्फोटाला लागतील म्हणून साठवले होते. एका ओळीत ती अख्खा प्रसंग खिशात टाकते. हीच बाई १९४० ते १९५२ अशी बारा वर्षं टॉमला झापत होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं अशा पात्रांवर आक्षेप घेतले, ते रास्तच होते. १९५२ नंतर ती दिसेनाशी झाली. कामही गेलं, अपमानही गेला. दोन्ही एकाच पाकिटात होते.

नंतर जे झालं ते मला जास्त खुपतं. १९६० च्या दशकात ही कार्टूनं टीव्हीवर आणताना तिचे पाय पुसले. त्या जागी गोऱ्या पायांची, आयरिश ढंगात बोलणारी बाई काढली, आणि आवाज दिला जून फोरेनं. 'सॅटरडे ईव्हनिंग पस'मध्ये तर थेट सडपातळ गोरी मुलगी आणली. १९९० च्या दशकात पाय पुन्हा काळे झाले, पण रँडॉल्फचा आवाज काढून थिया व्हिडाल या काळ्या विनोदी अभिनेत्रीकडून बोलण्याची ती जुनी ढब टाळून नव्यानं संवाद म्हणवून घेतले. दोन्ही वेळेला हेतू चांगला. दोन्ही वेळेला गेली ती लिलियन रँडॉल्फ. ज्यांनी ते पाय काढले त्यांची रेष शाबूत राहिली, ज्यांनी विनोद लिहिला त्यांचा विनोद शाबूत राहिला. त्या सगळ्या उद्योगात एकुलती एक काळी बाई होती, ती तेवढी पुसली गेली. मूळ 'सॅटरडे ईव्हनिंग पस'मध्ये मांजरांचा धिंगाणा ऐकून ती ब्रिजचा डाव टाकून धावत सुटते, तेव्हा पापणी लवायच्या आत तिचा चेहरा कॅमेऱ्यावर येऊन आदळतो. साऱ्या मालिकेत असा क्षण मला दुसरा सापडलेला नाही. मी तिथे थांबवून पाहिलं. चिडलेली, दागिने घातलेली, घाईत असलेली एक बाई. त्यात न दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. एकीवर पाटी आहे, 'घरकाम करणाऱ्या व्यक्ती व सामान यांनी दुसरी लिफ्ट वापरावी'. मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं. सेक्रेटरींनी शांतपणे समजावलं, हो वहिनी, पण सकाळी गर्दी होते, बादल्यांचं पाणी सांडतं, म्हातारी माणसं घसरतात. सगळं खरं होतं. पाणी सांडतं, म्हातारी माणसं घसरतात. मावशी दुसऱ्या लिफ्टनं येतात.

आता जुन्या कार्टूनांच्या आधी वॉर्नर ब्रदर्स एक निवेदन दाखवते. त्याचा मतितार्थ असा, की यातलं काही चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे, पण ते काढून टाकणं म्हणजे असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणण्यासारखं होईल. हे मला मान्य आहे. १९६८ मध्ये काळ्यांचं असं चित्रण असलेली वॉर्नरची अकरा कार्टूनं पेटीत बंद करून ठेवली गेली, ती आजही अधिकृतपणे सहज मिळत नाहीत. त्यापेक्षा हे बरं. पुतणी मात्र ते निवेदन दिसलं की पुढे ढकलते, कारण ते वाचेपर्यंत उंदीर पळून जातो, असं तिचं म्हणणं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या निवेदनात पूर्वग्रहांबद्दल इतकं सगळं आहे, आणि पाठोपाठ येणाऱ्या श्रेयनामावलीत अजूनही तेच ते. निर्माता फ्रेड क्विंबी, दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, संगीत स्कॉट ब्रॅडली. आवाजाची ओळ नाहीच. निवेदन लिहायला वकील लागले असतील, बैठका झाल्या असतील, शब्दाशब्दावर खल झाला असेल. त्याच बैठकीत कुणीतरी एक ओळ जास्त टाइप करायला हवी होती: आवाज, लिलियन रँडॉल्फ.